गती आणि विराम : लिफ्टपासून अवकाशयानापर्यंत

सकाळी दहाच्या सुमारास महानगरातील कोणत्याही मोठ्या कार्यालयाच्या तळमजल्यावर एक ठरावीक दृश्य दिसते. लिफ्टच्या दारापाशी रांग लागलेली असते, हातात डबा आणि बॅग सांभाळणाऱ्या मंडळींची नजर दारावरच्या लाल आकड्यांवर खिळलेली असते आणि आकडा पाचवरून चारवर येण्यास एक तप लागल्यासारखे प्रत्येकाला वाटत असते. वर्षानुवर्षे त्याच लिफ्टने ये-जा करणाऱ्यांनाही ती नेमकी किती वेगाने चालते हे सहसा ठाऊक नसते. शासकीय फलकांवर ‘उद्वाहन’ असे भारदस्त नाव मिरवणारे हे यंत्र बेताच्या उंचीच्या निवासी इमारतींत सेकंदाला सुमारे एक मीटर, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरांच्या आसपास जाते. रस्त्यावरून रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग याहून फारसा वेगळा नसतो.

तरीही ती सुरू होताना पायांवर किंचित भार येतो आणि वरच्या मजल्यावर थांबताना क्षणभर हलके वाटते. याउलट पृथ्वी ताशी सुमारे १,०७,००० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावत असते आणि तिच्या पाठीवर बसलेल्या कोणाच्याही चहाच्या कपात तरंग उठत नाही. शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. माणूस किंवा यंत्र किती वेगाने जाऊ शकते, या प्रश्नाचे खरे उत्तर म्हणूनच पुष्कळदा वेग घेण्यात नव्हे, तर तो सोडण्यात दडलेले असते.

लिफ्टचा इतिहासदेखील थांबण्यापासूनच सुरू होतो. रहाट आणि कप्प्यांच्या साहाय्याने माल वर चढवण्याची विद्या अतिशय पुरातन आहे; परंतु दोर तुटला तर काय, या भीतीमुळे माणसे त्या पाळण्यात पाऊल ठेवण्यास धजावत नसत. अमेरिकेतील याँकर्स येथे पलंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात यंत्रकाम पाहणाऱ्या एलिशा ओटिस याने या भीतीवर उपाय शोधला. पाळण्याच्या माथ्यावर त्याने घोडागाडीला असते तशी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग बसवली. दोर ताणलेला असेतो ही स्प्रिंग वाकलेली राही. दोर सैल पडताच ती पसरे आणि तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत जाऊन अडकत. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात ओटिस स्वतः उंचावरच्या फळीवर उभा राहिला आणि सर्वांदेखत त्याने दोर तोडावयास लावला. फळी काही इंच घसरली आणि जागच्या जागी थांबली. एकावर एक मजले चढवून शहरे उभी करण्याची शक्यता त्या काही इंचांत जन्मास आली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

२३ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कमधील हॉवूट यांच्या पाच मजली दुकानात ओटिसची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. तिचा वेग सेकंदाला अवघा २० सेंटिमीटर होता. वीस मीटर चढण्यास तिला शंभर सेकंद लागत. एखादा तरुण विक्रेता तेवढ्या वेळात जिन्याने वर जाऊन परतही आला असता. भारतात कोलकात्याच्या राजभवनात १८९२ मध्ये बसवलेली लिफ्ट देशातील पहिली मानली जाते.

१९३१ साली एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा तिच्या लिफ्टची यंत्रे मिनिटाला १,२०० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने धावू शकत होती. याच इमारतीत २८ जुलै १९४५ रोजी ओटिसच्या तत्त्वाची विलक्षण कसोटी लागली. दाट धुक्यात वाट चुकलेले एक लष्करी विमान ७९व्या मजल्याच्या परिसरात येऊन धडकले. बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्टचालक तरुणी त्यात जखमी झाली. तिला खाली नेण्यासाठी दुसऱ्या लिफ्टमध्ये बसवले, तोच आघाताने कमकुवत झालेले दोर तुटले. सुरक्षा-ब्रेकला चालना देणारी तारही निकामी झालेली असल्याने ब्रेक लागला नाही आणि पाळणा ७५ मजले खाली कोसळला. तरीही ती बचावली. अरुंद चरात दाबली गेलेली हवा आणि तळाशी वेटोळे होऊन साचलेले दोर यांनी गादीसारखे काम केले असावे, असे स्पष्टीकरण दिले जाते. तिचा जीव कसा वाचला याचे उत्तर पुन्हा तेच : ती एका क्षणात थांबली नाही, तिला थांबण्यास थोडेसे अंतर मिळाले.

वेगाची खरी शर्यत लागली ती आशियात. २००४ साली पूर्ण झालेल्या तैवानमधील तैपेई १०१ या इमारतीतील लिफ्ट मिनिटाला १,०१० मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरांहून थोड्या अधिक वेगाने चढू लागली. पाचव्या मजल्यावरून ८९व्या मजल्यावर ती ३७ सेकंदांत पोहोचते. शांघाय टॉवरमधील लिफ्टने तो विक्रम मोडून मिनिटाला १,२३० मीटरांची मजल मारली आणि त्यापाठोपाठ चीनमधीलच ग्वांगझाऊ येथील सीटीएफ फायनान्स सेंटरमध्ये हिताची कंपनीच्या लिफ्टने मिनिटाला १,२६० मीटर, म्हणजे सेकंदाला २१ मीटर किंवा ताशी ७५.६ किलोमीटर हा वेग गाठला. गंमत अशी, की जगातील सर्वांत उंच इमारत असलेल्या दुबईच्या बुर्ज खलिफामधील लिफ्ट सेकंदाला दहा मीटर एवढ्या वेगावरच समाधान मानते.

हिशेबाची सवय असलेल्यांना ग्वांगझाऊच्या आकड्यांत एक मौज आढळेल. प्रवाशांना त्रास होऊ नये म्हणून लिफ्टचा वेग दर सेकंदाला साधारण एक मीटर प्रतिसेकंद, अशा बेताने वाढवला, तर २१ मीटरांचा वेग गाठण्यास २१ सेकंद लागतील आणि तोवर लिफ्ट सुमारे २२० मीटर चढलेली असेल. तितक्याच अलगदपणे थांबावयाचे, तर आणखी २१ सेकंद आणि आणखी २२० मीटर हवेत. बेरीज होते ४४० मीटर आणि ४२ सेकंद. त्या इमारतीतील पहिल्या मजल्यापासून ९५व्या मजल्यापर्यंतचे अंतर सुमारे तेवढेच आहे आणि प्रवासास लागणारा वेळही जवळपास तितकाच सांगितला जातो. म्हणजे सर्वोच्च वेग गाठला जातो न जातो तोच ब्रेक लावण्याची वेळ येते. मोटार अधिक शक्तीची बसवून काही साधत नाही, इमारतच संपते!

या बेताचीही शरीर नोंद घेतेच. दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात वर उचलल्या जाणाऱ्या लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवला, तर साठ किलो वजनाचा माणूस त्यावर काही काळ सहासष्ट किलोंचा भरेल आणि थांबताना चोपन्न किलोंचा. आहारनियंत्रणावर खर्च न करता वजन घटवण्याचा हा एकमेव मार्ग असावा, फक्त तो वीस-एकवीस सेकंदच टिकतो.

कानांची तक्रार याहून गंभीर असते. ४४० मीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी असतो. चढताना कानाच्या पडद्याआडची हवा सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा वाढता दाब घशाकडून कानात जाणारी नळी दाबून धरतो आणि कान गच्च होतात. प्रवासी विमान उतरत असताना आतील दाब मिनिटाला शंभर-दीडशे मीटर उतरल्याप्रमाणे सावकाश वाढवला जातो. लिफ्टमध्ये तीच गोष्ट कित्येक पटींनी जलद घडते. म्हणूनच तैपेई १०१ची लिफ्ट चढताना मिनिटाला १,०१० मीटर धावत असली, तरी उतरताना ६०० मीटरांवर आणलेली आहे आणि तिच्या आतला दाब नियंत्रित करणारी यंत्रणाही बसवलेली आहे. अभियंत्यांनी मोटार जिंकली, दोर जिंकला. कानाच्या पडद्यापुढे मात्र त्यांनी मान तुकवली.

मनुष्यदेह वेगातील बदल कुठवर सोसतो, याचा शोध अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःच्या देहावर घेतला. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटगाडीला स्वतःस जखडून घेऊन त्यांनी पाच सेकंदांत ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेग गाठला. धावण्याचा त्रास झाला नाही असे नव्हे, परंतु जीवघेणा ठरू शकला असता तो पुढचा क्षण. पाण्याच्या साहाय्याने ती गाडी अवघ्या १.४ सेकंदांत थांबली आणि त्या क्षणी स्टॅप यांच्या देहावर त्यांच्या वजनाच्या ४६ पटींहून अधिक भार आला. डोळ्यांतील रक्तवाहिन्या फुटून त्यांना काही काळ दिसेनासे झाले. पुढे दृष्टी परतली. मोटारीतील सुरक्षापट्ट्यांचा त्यांनी नंतर आयुष्यभर पुरस्कार केला, यात नवल नाही.

वेगाची मर्यादा अशी प्रारंभी आणि शेवटी असेल, मध्ये नसेल, तर जेथे हवा नाही, रस्ता नाही आणि मजले संपण्याची भीतीही नाही, तेथे वेग कुठवर नेता येईल? अवकाशात हा प्रश्न विचारण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक ठरतो : वेग कशाच्या संदर्भात मोजावयाचा? नावेतून पुढे जाणाऱ्याला तीरावरच्या स्थिर वस्तू मागे सरकताना दिसतात, त्याप्रमाणे पृथ्वी फिरत असल्याने स्थिर तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात, हा दृष्टान्त आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. मुंबईत आरामखुर्चीत पेंगणारे गृहस्थ पृथ्वीच्या अक्षाभोवती ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरत असतात, हे सत्य आहे. फक्त आरामखुर्चीही त्यांच्याबरोबर फिरत असते.

लिफ्ट आणि अवकाशयान यांना जोडणारा विचार सुचला तो बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनला. छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडत असताना स्वतःचे वजन जाणवणार नाही, हे १९०७ साली त्याच्या ध्यानी आले आणि पुढे दोर तुटून कोसळणाऱ्या लिफ्टच्या दृष्टान्ताने ही कल्पना जगभर परिचित झाली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ही अशीच एक पडणारी लिफ्ट आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नऊ-दशांश असते. तेथील अंतराळवीर तरंगतात ते आकर्षण नाही म्हणून नव्हे, तर स्थानकासह ते अखंड पडत असतात म्हणून. मात्र पडता पडता ते सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने बाजूला सरकतात, त्यामुळे पृथ्वीची गोलाई सतत त्यांच्या खालून वळत जाते. ग्वांगझाऊच्या लिफ्टच्या अलगद चालीने एवढा वेग गाठावयाचा झाल्यास सव्वादोन तासांच्या आसपास वेळ आणि तीस हजार किलोमीटर लांबीची धाव लागेल. प्रक्षेपक हे काम सुमारे नऊ मिनिटांत उरकतो. त्याची किंमत म्हणून प्रवाशांना आपल्या वजनाच्या तीन-चार पट भार सोसावा लागतो.

माणसाने आजवर गाठलेला सर्वोच्च वेग मे १९६९ मध्ये अपोलो १०च्या तिघा अंतराळवीरांनी चंद्राकडून परतताना अनुभवला : ताशी ३९,८९७ किलोमीटर. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर १ हे यान गुरू आणि शनी यांच्या आकर्षणाचा लाभ घेत सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यमालेबाहेर जात असून पृथ्वीपासून अडीच हजार कोटी किलोमीटरांहून अधिक दूर पोहोचले आहे.

सर्वांत वेगवान ठरलेल्या यानाची कथा मात्र उफराटी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये निघालेले पार्कर सौरयान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरांवरून गेले, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ६ लाख ९२ हजार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १९२ किलोमीटर होता. या वेगाने मुंबईहून दिल्लीस जाण्यास सहा सेकंद पुरतील. हा वेग त्याच्या इंजिनाने दिलेला नाही. पृथ्वीवरून निघालेली प्रत्येक वस्तू पृथ्वीचा सेकंदाला तीस किलोमीटरांचा वेग वारसाहक्काने घेऊनच निघते आणि तो वेग तिला सूर्यात पडू देत नाही. सूर्याजवळ जावयाचे, तर आधी हा वारसा खर्ची टाकणे भाग होते. त्यासाठी पार्कर यान सात वेळा शुक्राजवळून नेण्यात आले आणि प्रत्येक भेटीत त्याची गती थोडी थोडी कमी करण्यात आली. मानवाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू अशी मंदावत मंदावत वेगवान झाली. आणि हा वेगदेखील प्रकाशाच्या वेगाच्या पंधराशेव्या हिश्श्याएवढाही भरत नाही.

एवढा खटाटोप न करता सावकाश लिफ्टनेच अवकाशात जाता येणार नाही काय? रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १८९५ मध्ये आयफेल टॉवरवरून स्फूर्ती घेऊन अशा मनोऱ्याची कल्पना मांडली. १९६० साली युरी आर्त्सुतानोव्ह यांनी तो मनोरा जमिनीवरून वर न उभारता विषुववृत्तावरील ३५,७८६ किलोमीटर उंचीच्या भूस्थिर कक्षेतून खाली सोडलेल्या दोराच्या रूपात पाहिला. जपानच्या ओबायाशी या बांधकाम कंपनीने २०१२ मध्ये अशी एक योजना जाहीरही केली. तीत ९६,००० किलोमीटरांचा दोर आणि ताशी २०० किलोमीटर वेगाने चढणारा पाळणा होता. भूस्थिर कक्षेपर्यंतचा प्रवास साडेसात दिवसांचा. ग्वांगझाऊच्या लिफ्टला तेथवर जाण्यास वीस दिवस लागतील आणि १८५७च्या हॉवूट दुकानातील लिफ्टला साडेपाच वर्षांहून अधिक. अडचण वेगाची नाही, दोराची आहे. पोलादी दोर सुमारे पाचशे मीटरांपलीकडे स्वतःच्याच भाराने लिफ्टला जड होऊ लागतो. कार्बनतंतूंच्या पट्ट्यांनी ही मर्यादा एक किलोमीटरपर्यंत नेता येते, असे फिनलंडच्या कोने कंपनीने २०१३ मध्ये दाखवून दिले. एक किलोमीटर आणि शहाण्णव हजार किलोमीटर यांतील अंतर कोणत्याही आराखड्याने अद्याप बुजवलेले नाही.

तोवर अवकाशात जाणाऱ्याला वेग घेऊनच जावे लागणार आणि परतताना तो कुठेतरी टाकून यावे लागणार. हा वेग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यानाने उड्डाण केल्यानंतर ८२व्या सेकंदाला इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा निखळला. त्याचे वजन एक किलोही नव्हते. निखळण्याच्या क्षणी तो यानाइतक्याच वेगाने जात होता. परंतु हलका असल्याने हवेने त्याला तत्काळ मागे खेचले आणि यान ताशी आठशे किलोमीटरांहून अधिक सापेक्ष वेगाने त्याच्यावर आदळले. डाव्या पंखाच्या कडेला भगदाड पडले. त्यानंतरचे सोळा दिवस यान पृथ्वीभोवती सुरळीत फिरत राहिले, प्रयोग पार पडले. वेगाने त्याचे काही बिघडवले नाही. १ फेब्रुवारीस वेग टाकून देण्याची वेळ आली, तेव्हा त्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले आणि उतरण्यास सोळा मिनिटे उरली असताना यान विखुरले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

१५ जुलै २०२५ रोजी शुभांशु शुक्ला ज्या कुपीतून परतले, तिनेही हाच अग्निमार्ग पार केला. ताशी २७,००० किलोमीटरांच्या घरातला वेग प्रथम हवेच्या घर्षणात आणि मग हवाई छत्र्यांत विरून गेला आणि कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात कुपी अलगद तरंगू लागली.

चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तेथे घर्षणही नाही आणि छत्रीही उपयोगाची नाही. इंजिने उलट्या दिशेने पेटवून वेग कमी करणे एवढाच मार्ग उरतो. ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे चंद्रयान २च्या ‘विक्रम’ने हा वेग सेकंदाला १,६८३ मीटरांवरून १४६ मीटरांपर्यंत ठरल्याप्रमाणे आणला. पुढच्या टप्प्यात मात्र तो आखणीपेक्षा अधिक कमी झाला. प्रमाणाबाहेर वेग वाढल्याने नव्हे, तर तो नको तितका घटल्याने पुढचा सारा हिशेब चुकला आणि यान नियोजित जागेपासून पाचशे मीटरांच्या आत आदळले. ज्यांनी त्या रात्री जागून दूरचित्रवाणीवरील हिरवी रेघ ठरलेल्या वाटेवरून ढळताना पाहिली, त्यांच्या स्मरणातून ती शांतता गेलेली नाही.

चंद्रयान ३ तयार करताना इस्रोच्या अभियंत्यांनी वेग वाढवण्याचा विचार केला नाही; चूक झाली तरी ती पचावी अशी व्यवस्था केली. पाय भक्कम केले, इंधन अधिक घेतले, उतरण्यासाठीचा टापू विस्तारला, मधले पाचवे इंजिन काढून टाकले आणि सेकंदाला तीन मीटरांच्या वेगाने टेकले तरी यान शाबूत राहील याची काळजी घेतली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या भूमीवर टेकला. जवळपास एकोणीस मिनिटांपूर्वी सेकंदाला सुमारे १,६८० मीटर धावणारे ते यान त्या क्षणी सेकंदाला दोन मीटरांहूनही कमी वेगाने उतरत होते. मध्यम उंचीच्या कार्यालयीन इमारतींतील लिफ्ट साधारण याच वेगाने चालतात.

धूळ बसेपर्यंत काही तास थांबून ‘प्रज्ञान’ हे सहा चाकांचे वाहन उतरंडीवरून खाली आले. त्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर होता. पुढच्या दहा दिवसांत त्याने शंभर मीटरांहून थोडे अधिक अंतर कापले.